घरासाठी आर्किटेक्ट निवडताना: लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. सातारा, कराड, कोल्हापूर या पट्ट्यात घरांच्या कॉलम, बीम, स्लॅबचं डिझाइन करते. माझ्या टेबलावर रोज कुणा ना कुणा आर्किटेक्टचे नकाशे येतात. कुणाच्या नकाशावर काम सरळ चालतं आणि कुणाच्या नकाशापायी गवंडी दिवसातून चारदा फोन करतो, हे मला जवळून दिसतं. त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले लोक आर्किटेक्ट निवडण्याआधी मला विचारतात. त्यांचे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नियमांचा भाग महाराष्ट्रापुरता आहे.

१. आर्किटेक्ट लागतोच का? आमच्या वडिलांनी गवंड्याकडूनच घर बांधून घेतलं होतं.

सहीपुरतं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी छोट्या घराचा नकाशा परवानाधारक अभियंत्याच्या सहीनेही दाखल होतो. पण वडिलांच्या काळाशी तुलना करताना एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हाच्या घराचा साचा ठरलेला होता. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे परसू, वर माळा. गवंडी आणि सुतार दोघांच्या हातात तो साचा बसलेला होता, कारण त्यांनी तेच घर पन्नास वेळा बांधलेलं असायचं.

आज तुम्ही मागता ते वेगळंच आहे. दोन गुंठ्यांत दोन भावांची दोन बिऱ्हाडं, खाली गाडी, वर सोलर, प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम, आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. याचा साचा गवंड्याकडे नाही. तो बांधेल चोख, पण मधल्या खोलीत उजेड कुठून येणार याचा विचार त्याच्या आधी कुणीतरी करायला हवा.

जागा चौकोनी, सपाट आणि मोकळी असेल, घर एक मजली आणि साधं असेल, तर चांगला सिव्हिल इंजिनिअर पुरतो. मी असं अनेकांना सांगितलं आहे. जागा अरुंद किंवा उताराची असेल, एकापेक्षा जास्त कुटुंबं राहणार असतील, घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, तर आर्किटेक्टवरचा खर्च वाचवू नका.

२. आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर: यात नेमका फरक काय? सगळे ‘प्लॅन काढतो’ म्हणतात.

आर्किटेक्ट घर कसं वापरलं जाईल ते ठरवतो: खोल्या, जिने, खिडक्या, वारा, उजेड, पाण्याच्या वाटा, दिसणं. स्ट्रक्चरल इंजिनिअर ते घर उभं कसं राहील ते ठरवतो: पाया किती खोल, कॉलम कुठे आणि केवढा, सळई किती. सिव्हिल इंजिनिअर बहुधा साइटवरची देखरेख, मोजमापं आणि एस्टिमेट पाहतो. इंटिरिअर डिझायनर आतलं फर्निचर आणि सजावट करतो. कॉन्ट्रॅक्टर बांधतो.

आर्किटेक्ट चांगला असला की स्ट्रक्चरल इंजिनिअर लागत नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या भागातल्या वयस्कर माणसांना अजून आठवतो. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड धाबे (मातीची सपाट छपरं) झोपलेल्या माणसांवर कोसळले. आता आपण आरसीसी बांधतो म्हणून निर्धास्त राहतो. पण २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादेत पडलेल्या आरसीसी इमारतींमध्ये खाली फक्त पार्किंगचे खांब आणि वर भिंतींचे मजले अशा इमारती होत्या. खाली गाड्या आणि वर घर ही आज प्रत्येकाची मागणी असते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: स्ट्रक्चरल डिझाइन कोण करणार, आणि सळई बांधून झाल्यावर तपासायला कोण येणार? ‘कॉन्ट्रॅक्टर बघून घेतो’ असं उत्तर आलं तर दुसरा आर्किटेक्ट शोधा.

३. समोरचा माणूस खरंच आर्किटेक्ट आहे हे कसं ओळखायचं?

‘आर्किटेक्ट’ ही पदवी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने संरक्षित आहे. मान्यताप्राप्त शिक्षण, म्हणजे आज बहुतेकांच्या बाबतीत पाच वर्षांचा बी.आर्क., आणि त्यानंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच ती नावापुढे लावता येते. नोंदणी क्रमांक ‘सीए’, मग वर्ष, मग अनुक्रमांक असा असतो. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून तो तपासता येतो, आणि नोंदणीचं नूतनीकरण झालं आहे का तेही विचारा. क्रमांक मागण्यात कसला अपमान नाही. चांगल्या आर्किटेक्टच्या पत्रावर तो छापलेलाच असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं की हा कायदा पदवी वापरण्यावर बंधन घालतो, घराचं डिझाइन करण्याच्या कामावर नाही. म्हणजे नोंदणी नसलेल्या माणसाने घराचा आराखडा करणं या कायद्याने गुन्हा ठरत नाही, मात्र स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणं चालत नाही. तुमच्या दृष्टीने फरक असा की नोंदणी असेल तर व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करायला जागा असते (प्रश्न १६).

४. आर्किटेक्टला केव्हा गाठायचं? जागा घेतल्यावर ना?

जमलं तर जागा घेण्याआधी. या प्रश्नावर मी हट्टाने बोलते, कारण सर्वांत महागात पडलेल्या चुका मी इथेच पाहिल्या आहेत.

समजा ३० बाय ५० फुटांचा, १५०० चौरस फुटांचा प्लॉट आहे. नियमाप्रमाणे पुढे १० फूट आणि उरलेल्या तीन बाजूंना ५-५ फूट सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडायचं असेल, तर तळमजल्यावर बांधायला उरतात २० बाय ३५, म्हणजे ७०० चौरस फूट. प्लॉटचे पैसे दीड हजार फुटांचे मोजलेले असतात आणि डोक्यातलं घरही दीड हजार फुटांचं असतं. खरेदीखत झाल्यावर हे कळलेली माणसं माझ्यासमोर बसून गप्प झालेली मी पाहिली आहेत.

अंतरं किती, एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) किती, समोरचा रस्ता पुरेसा रुंद आहे का, हे सगळं त्या जागेला कोणती नियमावली लागू आहे त्यावर ठरतं. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईची स्वतंत्र आहे. गोव्याचे कायदे पूर्ण वेगळे आहेत, तिथे सातबाराच्या जागी फॉर्म १ आणि १४ पाहावा लागतो, त्यामुळे कोल्हापूरकडच्या अनुभवावर पेडण्यात घर बांधायला जाऊ नका.

आर्किटेक्टकडे जाताना सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, खरेदीखत, आणि असेल तर भूमी अभिलेखाच्या मोजणीची क प्रत बरोबर न्या. मोजणी झाली नसेल तर नकाशा काढण्याआधी ती करून घ्या. विक्रेत्याने दाखवलेल्या कुंपणावर घर आखू नका. जमीन शेतीची असेल, तुकडा लहान असेल, गुंठेवारीतली असेल, तर तसं स्पष्ट सांगा. अकृषिक परवानगी आणि तुकडेबंदी यांचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदलले आहेत. शेजाऱ्याचं पाच वर्षांपूर्वी जे चाललं ते आज तसंच असेल असं धरू नका.

नदीकाठी असाल तर पूररेषा पाहा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी असतात. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांनी सांगली-कोल्हापुरात पाहिलं त्यांना याचं कारण समजावायला नको. किनाऱ्याला भरतीरेषेपासून सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) अंतरं लागतात. या गोष्टी तपासून द्यायला आर्किटेक्ट थोडी सल्ला-फी घेईल. ती आनंदाने द्या.

५. किती जणांना भेटावं? प्रत्येकाकडून एक-एक प्लॅन मागून मग निवडावं का?

तिघांना भेटा. पाच-सहा जणांना भेटलं की माणूस गोंधळतो आणि शेवटी सगळ्यात कमी फीवर बोट ठेवतो.

फुकट प्लॅन मागू नका. जागा न पाहता, तुमच्या घरातल्या माणसांशी न बोलता दोन दिवसांत काढलेला प्लॅन हा दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा असतो. त्याऐवजी समोरचा माणूस काय विचारतो ते ऐका. पहाटे कोण उठतं, स्वयंपाक कोण करतं, आईचे गुडघे कसे आहेत, गणपतीला किती पाहुणे येतात, धान्य वर्षाचं भरता का, शेजारी पुढे मजला चढवणार आहे का, असे प्रश्न आले तर तो माणूस घराचा विचार करतोय. पहिल्याच भेटीत टीव्हीवर थ्रीडी इलेव्हेशन सुरू झालं आणि तुम्हाला बोलायला जागाच मिळाली नाही, तर पुढच्या दीड वर्षातही तसंच होईल.

भेटायला घरातल्या बाईला बरोबर न्या. हे मी पुरुष मंडळींना मुद्दाम सांगते. ओट्याची उंची, भांडी घासायची जागा, कपडे वाळत घालायची जागा हे विषय तिने काढले नाहीत तर बहुतेक वेळा निघतच नाहीत.

६. त्यांची आधीची कामं बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

किमान दोन पावसाळे झालेलं घर बघा. नव्या कोऱ्या घराचा रंग सगळं झाकतो. आणि शक्य असेल तर आर्किटेक्टशिवाय जा, घरमालकाशी निवांत बोला.

आत शिरल्यावर भर दुपारी दिवे लावावे लागतात का ते पाहा. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, गच्चीखालच्या खोलीच्या छताला, बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर ओल शोधा. छज्जा किती बाहेर आहे आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, की पाणी भिंतीवरून ओघळून काळे पट्टे पडले आहेत? गच्चीवर जा. उतार कुठल्या दिशेला आहे, पाणी तुंबल्याचे डाग आहेत का, कठड्याच्या कडेला वाटा (गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथली सिमेंटची गोलाई) नीट फिरवला आहे का? जिना चढून-उतरून बघा, पायऱ्या सारख्या उंचीच्या लागतात का, डोकं कुठे लागतं का.

मग मालकाला तीन गोष्टी विचारा. ठरलेल्या खर्चापेक्षा किती जास्त गेला आणि कशामुळे? अडचण आली तेव्हा आर्किटेक्ट किती दिवसांत साइटवर आला? आणि आज पुन्हा बांधायचं झालं तर त्यांच्याकडेच जाल का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर येण्याआधी जी शांतता असते तीही ऐका.

घर कुठल्या हवेत उभं आहे ते मात्र ध्यानात ठेवा. पुण्यात शोभणारी सपाट छताची काचेची पेटी रत्नागिरीच्या पावसात टिकत नाही. तिथे उतरतं छप्पर, खोल वळचण आणि पडवी पिढ्यान् पिढ्या का आहेत, हे आर्किटेक्टला ठाऊक हवं. चंद्रपूरच्या उन्हात पश्चिमेची भिंत कशी वाचवायची हा वेगळाच विषय, आणि काळ्या मातीत पाया घेणं हा आणखी वेगळा: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरच्या घराच्या भिंतींना तिरके तडे देते. तुमच्यासारख्याच जमिनीवरचं आणि हवेतलं काम त्यांनी केलं आहे का, हे घर किती सुंदर दिसतं यापेक्षा महत्त्वाचं आहे.

७. गावातला घ्यावा की पुण्या-मुंबईचा?

साइटवर किती वेळा येणार, त्यावरून ठरवा. शहरातला चांगला आर्किटेक्ट दर महत्त्वाच्या टप्प्याला येणार असेल आणि गावात देखरेखीला एक इंजिनिअर नेमणार असेल तर जरूर घ्या. प्रवासखर्च फीमध्ये आहे की वेगळा, ते आधी विचारा. स्थानिक माणसाला गवंडी, सुतार, चिरा कुठला चांगला, नगरपालिकेत कुठला कागद अडतो हे माहीत असतं. ही मोठी जमेची बाजू आहे.

८. फी किती असते? एकाने टक्क्यांत सांगितली, दुसऱ्याने फुटावर, तिसऱ्याने ठोक.

तिन्ही एकाच मापात आणल्याशिवाय तुलना होत नाही. उदाहरणच घ्या. १५०० चौरस फुटांचं घर आणि बांधकाम २००० रुपये फूट धरलं, तर खर्च ३० लाख. त्यावर ५ टक्के म्हणजे दीड लाख, म्हणजेच १०० रुपये फूट. आता दुसऱ्याचा ‘४० रुपये फूट’ स्वस्त वाटतो. पण त्यात फक्त मंजुरीचा नकाशा असेल आणि पहिल्याच्या फीमध्ये वर्किंग ड्रॉइंग (साइटवर बांधायला लागणारे तपशीलवार नकाशे), स्ट्रक्चरल डिझाइन आणि साइट भेटी असतील, तर हे दोन वेगळे माल आहेत.

टक्क्यांची फी असेल तर कशावर टक्के ते विचारा. तुम्ही स्वतः आणलेल्या फरशा, लिफ्ट, सोलर, कंपाउंड धरायचं का? फुटाची असेल तर जिना, गच्ची, पार्किंग मोजणार का? या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. आर्किटेक्ट जीएसटीखाली नोंदलेला असेल तर सांगितलेली रक्कम करासह आहे की वेगळी, हेही विचारून घ्या. मंजुरीसाठी पालिकेत भरायची शुल्कं फीमध्ये सहसा नसतात, ती तुमची.

पैसे टप्प्यांनी द्या: सुरुवातीला थोडी अनामत, मग प्लॅन पक्का झाल्यावर, मंजुरीला दाखल केल्यावर, वर्किंग ड्रॉइंग हातात आल्यावर, स्लॅब पडल्यावर. शेवटचा हिस्सा भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत (घर राहायला वापरण्याची पालिकेची परवानगी मिळेपर्यंत) राखून ठेवा.

९. मंजूर नकाशा हातात आहे. त्यावरून बांधता येत नाही का?

येत नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. मंजुरीचा नकाशा पालिकेसाठी असतो. त्यात क्षेत्रफळं, अंतरं, उंची दिसते. गवंड्याला लागणारी माहिती त्यात नसते.

मी एका साइटवर सळई तपासायला गेले होते. जिन्याच्या वळणावर बीम डोक्यापेक्षा खाली येत होता, साडेपाच फुटांवर. नकाशात जिना वरून काढलेला होता, छेद (उभा काप दाखवणारा नकाशा) काढलेलाच नव्हता. आर्किटेक्टने फोनवर ‘साइटवर अॅडजस्ट करा’ असं सांगितलं. अॅडजस्ट करणं म्हणजे माझा बीम बदलणं, वरची भिंत सरकवणं आणि बांधून झालेल्या चार पायऱ्या फोडणं. आठवडा गेला, पैसे मालकाचे गेले. घरातले आजोबा शेजारी उभे राहून बघत होते आणि त्यांना काय सांगावं हे मला कळेना. तेव्हापासून मी लोकांना सांगते की आर्किटेक्टकडे त्याच्या एखाद्या पूर्ण झालेल्या घराचा वर्किंग ड्रॉइंगचा संच मागा आणि नुसता चाळा. तुम्हाला सगळं कळलं नाही तरी चालेल.

संचात कॉलमची आखणी हवी. जोत्याची उंची रस्त्यापासून मोजलेली हवी. प्रत्येक दाराखिडकीचं माप आणि तिच्या खालच्या-वरच्या कडेची उंची, जिन्याचा छेद, प्रत्येक संडास-बाथरूमचा मोठ्या मापातला नकाशा, विजेचे पॉइंट, पाण्याच्या आणि मैल्याच्या पाइपांचे उतार आणि चेंबर, गच्चीचे उतार आणि पन्हळीही हव्यात. हे सगळं खोदकामाआधी मिळालं तर उत्तम. निदान त्या त्या कामाच्या पंधरा दिवस आधी तरी मिळायलाच हवं.

भेटींचंही ठरवा. आखणी, पायाचे खड्डे, जोता, प्रत्येक स्लॅबच्या आधी, गिलाव्याआधी वायरिंगचे पाइप पडल्यावर, गच्ची आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग होताना, फरशी सुरू होताना. यातल्या कुठल्या भेटीला आर्किटेक्ट स्वतः येणार आणि कुठल्या वेळी त्याचा माणूस, हे लिहून घ्या.

१०. नात्यातलाच आर्किटेक्ट आहे. लेखी करार मागणं बरं दिसत नाही.

नात्यात तर आधी करा. पुतण्याला फोन करून ‘अरे, ड्रॉइंग कधी देतोस’ हे तिसऱ्यांदा विचारताना तुमचाच जीव जड होतो. दोन पानं पुरतात: काम कोणतं, संचात काय (प्रश्न ९), फी आणि टप्पे (प्रश्न ८), किती वेळा प्लॅन बदलून देणार, काम थांबलं तर हिशेब कसा, आणि नकाशांच्या प्रती कुणाकडे. सही करताना एकत्र चहा घ्या, म्हणजे अवघडलेपण जातं.

११. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘काम मला द्या, प्लॅन फुकट देतो.’

फुकट प्लॅनचे पैसे फुटाच्या दरात असतात. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे तुमच्या बाजूने कामाकडे बघणारं कुणी उरत नाही. सिमेंट कमी पडलं, स्लॅबला पाणी मारलं नाही, खिडकी लहान केली, तर कॉन्ट्रॅक्टरचा पगारी माणूस त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. प्रामाणिक कॉन्ट्रॅक्टर असतात, मी अनेकांबरोबर काम केलं आहे. त्यांच्याकडे गेलात तरी स्ट्रक्चरल तपासणीला आपला स्वतंत्र इंजिनिअर ठेवा.

याची दुसरी बाजूही आहे. आर्किटेक्ट एकाच कॉन्ट्रॅक्टरचा किंवा एकाच दुकानाचा आग्रह धरत असेल तर कारण विचारा. ‘याचं काम मला माहीत आहे’ हे कारण रास्त असू शकतं, पण दर दुसऱ्या दोघांकडूनही मागवा.

१२. बजेट खरं सांगावं का? खरं सांगितलं की सगळं संपवतात.

खरं सांगा. ४० लाख असताना २५ सांगितले की २५ चं घर आखलं जातं, मग मध्येच ‘अजून एक खोली होईल का’ सुरू होतं आणि पाया त्या हिशेबाने घेतलेलाच नसतो. एकूण रक्कम सांगा आणि त्यात काय काय बसायला हवं तेही: बोअर, कंपाउंड, वीजजोडणी, फर्निचर, वास्तुशांत. अडीअडचणीसाठी दहावा हिस्सा बाजूला ठेवून उरलेला आकडा आर्किटेक्टला द्या.

पुढे मुलांसाठी मजला चढवायचा असेल तर तेही आत्ताच सांगा. त्याने पाया आणि कॉलम बदलतात. घर टप्प्याटप्प्याने वाढवणं कमीपणाचं नाही. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेली वसाहत घरं पुढे वाढतील हे धरूनच आखली होती.

१३. वास्तुशास्त्र पाळणारा आर्किटेक्ट शोधावा का?

घरातल्या कुणाचीही श्रद्धा असेल तर ते पहिल्या भेटीत सांगा. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला एवढं बसवणं आर्किटेक्टला अवघड नाही. अवघड जातं ते जोता झाल्यावर सासरकडच्या कुणीतरी वास्तुतज्ज्ञ आणला आणि जिना हलवायला सांगितला म्हणजे. ज्याला विचारायचं त्याला कागदावर असतानाच विचारा, आणि एकालाच विचारा. मात्र कॉलम, पाया आणि संडासाची हवा यांवर तडजोड करायला सांगणारा सल्ला कुणाचाही असो, मी तो मानायला नकार देते.

१४. जुना वाडा किंवा कौलारू घर आहे. पाडूनच टाका, असं आर्किटेक्ट म्हणतात.

मग जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्याला एकदा दाखवा. काळ्या दगडाचा पाया आणि सागाची तुळई अजून धड असू शकते. कुजलेलं असतं ते बहुधा भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक, आणि त्याला कारण गळकी कौलं असतात. दुरुस्ती नेहमी स्वस्त पडेल असं मी म्हणत नाही. वास्तू पाडायची की ठेवायची हे तिची तपासणी न करता ठरवू नये, एवढंच मागते आहे. एक व्यावहारिक मुद्दाही आहे: गावठाणातलं जुनं घर पाडलं की नव्याला आजचे नियम लागतात, आणि पूर्वीइतकी जागा बांधायला मिळेलच असं नाही.

१५. आम्ही परदेशात असतो. गावी घर बांधायचंय. काय वेगळी काळजी घ्यावी?

देखरेखीची सेवा पूर्ण घ्या, कॉन्ट्रॅक्टरचं बिल आर्किटेक्टने किंवा इंजिनिअरने मोजमाप तपासून सही केल्याशिवाय देऊ नका, आणि दर आठवड्याला ठरलेल्या त्याच त्या ठिकाणांहून फोटो मागवा. सह्यांसाठी मुखत्यारपत्र लागेल. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारी अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण) केलेलं हवं, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. अधिकार फक्त बांधकामापुरते द्या, विक्रीचे नकोत. सख्ख्या भावालाही नकोत, म्हणजे त्याच्यावरही उगाच संशय येत नाही.

जागा भावाबहिणींची सामायिक असेल तर सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती आधी लागते. आर्किटेक्ट हे सोडवू शकत नाही. वकिलाकडे जा, मग नकाशाकडे या.

१६. मध्येच पटेनासं झालं तर आर्किटेक्ट बदलता येतो का? तक्रार कुठे करायची?

बदलता येतो. झालेल्या कामाचे पैसे द्या, लेखी कळवा, नकाशांच्या प्रती घ्या. नवा आर्किटेक्ट पहिल्याचं ना-हरकत पत्र मागेल, त्याचा राग धरू नका. आधीच्याची नेमणूक रीतसर संपल्याची खात्री करणं हा त्यांच्या आचारसंहितेचा भाग आहे. ऑनलाइन मंजुरी आधीच्याच्या लॉगिनमधून दाखल झाली असेल तर तिथेही बदल नोंदवावा लागतो. नकाशांचं कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, आर्किटेक्टचं असतं. म्हणून अर्धवट काम दुसऱ्याने कसं वापरायचं हे करारात आधी लिहिलेलं बरं (प्रश्न १०).

गैरवर्तनाची तक्रार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे करता येते. ते नोंदणीवर कारवाई करू शकतात, तुमचे पैसे परत मिळवून देत नाहीत. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दोन्हीकडे कागदच बोलतात. फोनवरचं बोलणं त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

१७. ‘मंजूर एक करू, बांधू वेगळं, सगळेच करतात’ असं आर्किटेक्टच म्हणतो. ऐकावं का?

नको. जोता तपासणीला किंवा भोगवट्याला ते अडतं. बँक कर्जाचे हप्ते सोडताना मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष काम पडताळते. विकताना पुन्हा तोच प्रश्न येतो. बाल्कनी बंद करून, सामासिक अंतरात जिना घेऊन मिळालेली जागा शेजाऱ्याच्या हवेतून घेतलेली असते, आणि तो तक्रार करेल तेव्हा आर्किटेक्ट तुमच्याबरोबर उभा नसेल. बदल खरंच हवा असेल तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्या.

१८. आर्किटेक्टची पूर्ण फी परवडतच नाही. काही मधला मार्ग?

आहे. फक्त प्लॅन आणि दाराखिडक्यांच्या जागांपुरता आर्किटेक्ट घ्या, तसं स्पष्ट सांगून. मंजुरी आणि देखरेख गावातल्या परवानाधारक इंजिनिअरकडे द्या. स्ट्रक्चरल डिझाइन मात्र वगळू नका. काही आर्किटेक्ट दोन-तीन बैठकांची सल्ला-फी घेऊन तुमच्याच इंजिनिअरच्या प्लॅनवर दुरुस्त्या सुचवतात. गेल्या वर्षी एका शिक्षिकेने असंच केलं. दोन बैठकांत जिना उत्तरेकडून पश्चिमेला गेला, दुपारचं ऊन त्याने अडवलं, आणि उत्तरेला मोकळ्या झालेल्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी आली. बाकी सगळं घर तिच्या इंजिनिअरनेच उभं केलं.